नक्षत्रांचा जमाखर्च : जैन आगमांतील कालगणनेचा इतिहास

उपाश्रयाच्या भिंतीवरील पंचांगाकडे आपले लक्ष दररोज जाते. नवकारसीची वेळ, पोरिसीची वेळ, आज चौदस आहे की पुनम, एवढे पाहिले की आपले काम भागते. त्या पानावर चंद्राचे नक्षत्र, सूर्याचे नक्षत्र, गुरू आणि शनी यांचे नक्षत्रप्रवेश हेही छापलेले असते. परंतु ते केवळ ज्योतिषांच्या उपयोगाचे आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः या रकान्यांमागे आपल्या आगमांचा फार मोठा वारसा उभा आहे. कोणता ग्रह कोणत्या नक्षत्रात किती काळ राहतो, याचा काटेकोर हिशेब ज्या थोड्या प्राचीन भारतीय ग्रंथांत मिळतो, त्यांत जैन आगमांचे स्थान अग्रभागी आहे. हा हिशेब कोणी मांडला, कसा मांडला, पुढे त्याचे काय झाले आणि आजच्या आपल्या पर्वतिथींशी त्याचा काय संबंध आहे, याचा अल्प परिचय सुज्ञ श्रावक-श्राविकांना करून द्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथपरंपरा

श्वेतांबर परंपरेच्या उपांगांत सूर्यप्रज्ञप्ती, चंद्रप्रज्ञप्ती आणि जंबूद्वीपप्रज्ञप्ती हे तीन ग्रंथ या विषयाचे मुख्य आधार होत. सूर्यप्रज्ञप्तीचे वीस भाग असून त्यांना प्राभृत, प्राकृतात पाहुड, असे म्हणतात. त्यांतील दहावे प्राभृत नक्षत्रांना वाहिलेले असून त्याचे बावीस पोटभाग आहेत. बाराव्या शतकात, कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचे समकालीन असलेल्या आचार्य मलयगिरींनी सूर्यप्रज्ञप्तीवर विस्तृत संस्कृत वृत्ती लिहिली. आज हा ग्रंथ समजतो तो मुख्यतः या वृत्तीमुळे.

दिगंबर परंपरेत आचार्य यतिवृषभांची तिलोयपण्णत्ती आणि दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींचा त्रिलोकसार यांत हेच गणित आढळते. इतर अनेक बाबतींत या दोन परंपरांची मते भिन्न आहेत. नक्षत्रांच्या हिशेबात मात्र मूळ आकडे तेच आहेत. ही गोष्ट आपण सर्वांनी आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे.

युरोपीय विद्वानांचे लक्षही या ग्रंथाकडे लवकर गेले. बर्लिनच्या ग्रंथालयातील सूर्यप्रज्ञप्तीच्या हस्तलिखितावर आल्ब्रेख्त वेबर यांनी १८६८ साली लेखन केले, तर जॉर्ज थिबो यांनी १८८० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला.

चंद्राची नक्षत्रयात्रा

सामायिक करणाऱ्या प्रत्येकास मुहूर्त हे परिमाण परिचित आहे. दोन घटिका म्हणजे ४८ मिनिटे म्हणजे एक मुहूर्त, आणि तीस मुहूर्तांचे एक अहोरात्र. आगमांतील सर्व हिशेब याच मापाने केलेला आहे.

आजच्या पंचांगात २७ नक्षत्रे धरतात आणि प्रत्येकास १३ अंश २० कलांचा समान भाग देतात. आगमांत मात्र नक्षत्रे २८ आहेत. उत्तराषाढा आणि श्रवण यांच्यामध्ये अभिजित हे अठ्ठाविसावे नक्षत्र येते. शिवाय सर्व नक्षत्रे सारखी नाहीत. शततारका, भरणी, आर्द्रा, आश्लेषा, स्वाती आणि ज्येष्ठा या सहा नक्षत्रांत चंद्र प्रत्येकी १५ मुहूर्त राहतो. रोहिणी, पुनर्वसू, विशाखा, उत्तराफाल्गुनी, उत्तराषाढा आणि उत्तराभाद्रपदा या सहांत तो प्रत्येकी ४५ मुहूर्त राहतो. उरलेल्या पंधरा नक्षत्रांत त्याचा मुक्काम ३० मुहूर्तांचा, म्हणजे बरोबर एका अहोरात्राचा असतो. अभिजित सर्वांत लहान. तेथे चंद्र केवळ ९ पूर्णांक २७/६७ मुहूर्त थांबतो.

आता आपण व्यापारी मंडळी करतो तशी बेरीज करून पाहू. सहा वेळा १५ म्हणजे ९०, पंधरा वेळा ३० म्हणजे ४५०, सहा वेळा ४५ म्हणजे २७०. त्यात अभिजितचे ९ पूर्णांक २७/६७ मिळविले की एकूण ८१९ पूर्णांक २७/६७ मुहूर्त होतात. यास तीसने भागले असता २७ पूर्णांक २१/६७ दिवस येतात. हाच आगमांतील नक्षत्रमास. असे ६७ नक्षत्रमास घेतले की बरोबर १८३० दिवस भरतात. आधुनिक वेधांनुसार ६७ नक्षत्रमासांचे दिवस सुमारे १८३०.५५ होतात. म्हणजे पाच वर्षांत फरक केवळ अर्ध्या दिवसाचा! दुर्बीण नव्हती, घड्याळ नव्हते, अशा काळातील हा हिशेब आहे.

येथे एक गोष्ट आपल्या बाजारपेठेच्या दृष्टीने मनोरंजक आहे. मराठी पंचांगांत दर महिन्याच्या चंद्रदर्शनापुढे ‘मु. ३० साम्यार्घ’, ‘मु. १५ महर्घ’ किंवा ‘मु. ४५ समर्घ’ असे छापलेले असते. अर्घ म्हणजे किंमत. जुने व्यापारी त्यावरून महिनाभर माल महाग राहील की स्वस्त, याचा अंदाज बांधीत. हे १५, ३० आणि ४५ आकडे म्हणजे वर सांगितलेले नक्षत्रांचे मुहूर्तच होत. समान विभागांची पद्धत रूढ होऊन शतके लोटली, तरी जुन्या विषम विभागांची खूण पंचांगाच्या या कोपऱ्यात टिकून राहिली आहे. भाव ठरतात ते मागणी आणि पुरवठ्यावर. परंतु खूण इतिहासाची म्हणून मोलाची आहे.

विषम विभागांची ही पद्धत केवळ जैनांचीच होती असे नाही. गर्गाच्या आणि ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतही तिचा उल्लेख येतो. कोकणातील मुरूडचे सुपुत्र शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ या अजोड मराठी ग्रंथात या पद्धतींची चर्चा केली आहे. ब्रह्मगुप्ताच्या पद्धतीत अभिजितचा विस्तार सुमारे ४ अंश १४ कला होतो. आगमांच्या आकड्यांवरून तो सुमारे ४ अंश ८ कला येतो. दोन भिन्न परंपरांचे हिशेब इतके जवळ यावेत, हे विचार करण्यासारखे आहे.

सूर्याचा हिशेब

चंद्राप्रमाणेच सूर्याचाही नक्षत्रनिहाय काळ आगमांत दिलेला आहे. सूर्य अभिजित नक्षत्रात ४ दिवस ६ मुहूर्त, सहा लहान नक्षत्रांत प्रत्येकी ६ दिवस २१ मुहूर्त, पंधरा मध्यम नक्षत्रांत प्रत्येकी १३ दिवस १२ मुहूर्त आणि सहा मोठ्या नक्षत्रांत प्रत्येकी २० दिवस ३ मुहूर्त राहतो. सर्वांची बेरीज केली असता ३६६ दिवस पूर्ण भरतात. एका मुहूर्ताचाही फरक राहत नाही.

हे आकडे आले कोठून? आगमकारांनी नक्षत्रमंडळाच्या अर्ध्या परिघाचे ५४,९०० सूक्ष्म भाग कल्पिले. त्यांना गगनखंड म्हणतात. अभिजितला ६३०, लहान नक्षत्रांना १००५, मध्यमांना २०१० आणि मोठ्यांना ३०१५ खंड दिले. एका मुहूर्तात नक्षत्र १८३५ खंड, सूर्य १८३० खंड आणि चंद्र १७६८ खंड चालतो. म्हणजे नक्षत्राच्या तुलनेत सूर्य मुहूर्तास ५ खंड मागे पडतो आणि चंद्र ६७ खंड. ६३० यास ६७ ने भागले की चंद्राचा अभिजितमधील मुक्काम निघतो. ५ ने भागले की १२६ मुहूर्त, म्हणजे सूर्याचे ४ दिवस ६ मुहूर्त मिळतात. एकाच कोष्टकातून दोन्ही ग्रहांचा हिशेब काढण्याची ही युक्ती पाहिली की आपल्या पूर्वाचार्यांच्या बुद्धीपुढे मस्तक नम्र होते.

महाराष्ट्रातील शेतकरी आजही सूर्याच्या नक्षत्रांवर पावसाचा अदमास बांधतो. ७ किंवा ८ जूनला मृग लागतो, पंधरवड्याच्या आत आर्द्रा लागते, पुढे हस्ताचा पाऊस येतो. मृगाचा पाऊस वेळेवर झाला की तालुक्याच्या पेठेत उलाढाल वाढते आणि दिवाळीच्या कापडखरेदीचा रंगही त्यावरच ठरतो, हे आपण सर्व जाणतो. मृगाचा काळ आगमांतही १३ दिवस १२ मुहूर्त, म्हणजे आजच्या इतकाच आहे. आर्द्रा मात्र तेथे आठवड्याहूनही कमी दिवसांची आहे.

गुरू आणि शनी

सूर्यप्रज्ञप्तीच्या दहाव्या प्राभृतात संवत्सरांचे प्रकार सांगताना बृहस्पती आणि शनैश्चर यांचा उल्लेख येतो. बृहस्पती महाग्रह बारा वर्षांत सर्व नक्षत्रमंडळ पूर्ण करतो आणि शनैश्चर तीस वर्षांत, असे तेथे सांगितले आहे. शनैश्चर संवत्सराचे अभिजितपासून उत्तराषाढापर्यंत नक्षत्रांच्या नावांनी २८ प्रकार दिलेले आहेत. आधुनिक गणिताने गुरूची प्रदक्षिणा सुमारे ११.८६ वर्षांची आणि शनीची सुमारे २९.४६ वर्षांची ठरते. म्हणजे आजच्या २७ समान नक्षत्रांपैकी एक ओलांडण्यास गुरूला सरासरी सव्वापाच महिने आणि शनीला सुमारे तेरा महिने लागतात. वक्री-मार्गी गतीमुळे हा काळ कमीजास्त होतो, एवढेच.

शनीचे नाव निघाले की साडेसातीची आठवण होते. तीस वर्षांना बारा राशींनी भागले की अडीच वर्षे आणि तीन राशींची मिळून साडेसात वर्षे, हा तिचा साधा हिशेब. परंतु सूर्यप्रज्ञप्तीत मेष, वृषभ आदी राशींचा उपयोगच नाही. तेथे सर्व गणना नक्षत्रांवरच चालते. त्या ग्रंथात ग्रहांच्या गती या काळ मोजण्यासाठी येतात. सुखदुःखाचे कारण आपल्या धर्मात स्वतःचे बांधलेले कर्म हेच आहे. उत्तराध्ययनसूत्रात तर लक्षणे, स्वप्ने आणि अंगविद्या यांचा प्रयोग करणाऱ्यास श्रमण म्हणू नये, असा स्पष्ट अभिप्राय आहे. शनीने नक्षत्र किंवा रास बदलली की धास्तावून जाणाऱ्या आणि शांतीसाठी हजारो रुपये खर्च करणाऱ्या आपल्याच बंधू-भगिनींनी हा इतिहास अवश्य ध्यानात घ्यावा.

कल्याणके आणि नक्षत्रे

तीर्थंकर भगवंतांच्या कल्याणकांची नोंद करताना आगमांनी नक्षत्रांचाच आधार घेतला. कल्पसूत्रानुसार भगवान महावीरांच्या जीवनातील च्यवनापासून केवलज्ञानापर्यंतच्या पाच घटना हस्तोत्तरा, म्हणजे उत्तराफाल्गुनी नक्षत्रावर झाल्या आणि निर्वाण स्वाती नक्षत्रावर झाले. भगवान पार्श्वनाथांची कल्याणके विशाखेवर, भगवान अरिष्टनेमींची चित्रेवर. तर भगवान ऋषभदेवांची चार उत्तराषाढेवर आणि निर्वाण अभिजितवर.

या नोंदींचा ताळा कोणालाही घेता येतो. चैत्री पौर्णिमेस चंद्र चित्रेच्या आसपास असतो. त्याआधी दोन दिवस, म्हणजे चैत्र शुद्ध त्रयोदशीस, तो उत्तराफाल्गुनीच्या जवळ येणारच. आश्विन अमावास्येस तो स्वातीच्या परिसरात असतो. तिथी आणि नक्षत्र या दोन स्वतंत्र नोंदी एकमेकींशी जुळतात.

आगमांतील युग पाच वर्षांचे आहे. त्यात ६० सूर्यमास, तीस-तीस दिवसांचे ६१ ऋतुमास, ६२ चांद्रमास आणि ६७ नक्षत्रमास येतात. दिवस सर्वांचे १८३०. युगाचा आरंभ श्रावण कृष्ण प्रतिपदेस, चंद्र अभिजित नक्षत्रात असताना होतो. उत्तरेच्या पौर्णिमान्त गणनेतील हा दिवस म्हणजे आपल्या महाराष्ट्रातील आषाढ वद्य प्रतिपदा, गुरुपौर्णिमेचा दुसरा दिवस. दिगंबर बांधव याच दिवशी वीरशासन जयंती साजरी करतात. पाच वर्षांचे आणि १८३० दिवसांचे युग लगधाच्या वेदांग ज्योतिषातही आहे. फरक असा की तेथे युगाचा आरंभ माघात, धनिष्ठा नक्षत्रावर होतो.

तूट आणि तिची दुरुस्ती

जमेची बाजू पाहिली, आता तूटही पाहिली पाहिजे. आगमांतील सौर वर्ष ३६६ दिवसांचे. प्रत्यक्षात ते ३६५ दिवस आणि सुमारे सहा तासांचे आहे. त्यामुळे पाच वर्षांत सुमारे पावणेचार दिवसांचा आणि चाळीस वर्षांत जवळजवळ एका महिन्याचा फरक पडतो. चांद्रमासातही पाच वर्षांत सुमारे एका दिवसाची तूट येते. सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा, म्हणजे १४ तास २४ मिनिटांचा सांगितला आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्यास तो सव्वातेरा तासांहून मोठा नसतो. म्हणजे हे मान बऱ्याच उत्तरेकडील प्रदेशास लागू पडते. दोन सूर्य आणि दोन चंद्र यांची आगमांतील रचना हा लोकस्वरूपाच्या वर्णनाचा स्वतंत्र विषय असून आजचे खगोलशास्त्र ती मानीत नाही.

अशी तूट साठत गेल्यावर हे कोष्टक प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनासे होणे अपरिहार्य होते. म्हणून पुढील शतकांत जैन संघाने सिद्धांतग्रंथांवर आधारलेले लौकिक पंचांग स्वीकारले. यात आपल्या आचार्यांनी कमीपणा मानला नाही. इतकेच नव्हे, ज्ञान जेथून मिळेल तेथून घेतले. दिल्लीत खिलजींच्या कोषागारात काम करणारे जैन श्रावक ठक्कुर फेरू यांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी ज्योतिषसार लिहिला. फिरोजशाह तुघलकाच्या काळात, १३७० साली, महेंद्रसूरींनी यंत्रराज हा ग्रंथ रचला. ग्रहताऱ्यांचे वेध घेण्याच्या इस्लामी जगातील यंत्रावरचा तो पहिला संस्कृत ग्रंथ होय. त्यावर त्यांचे शिष्य मलयेंदुसूरी यांनी टीका लिहिली. अलीकडच्या काळात व्यंकटेश बापूजी केतकर यांनी आधुनिक वेधांवर आधारलेले गणित ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ या ग्रंथांत मांडले आणि पंचांगे प्रत्यक्ष आकाशाशी जुळविण्याचा मार्ग सुकर केला.

पर्युषणाचा प्रश्न

हा सारा इतिहास आज सांगण्याचे कारण केवळ अभिमान नव्हे. आपल्या समाजात संवत्सरीच्या दिवसावरून वेळोवेळी मतभेद होतात. एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन दिवशी क्षमापना होते, याचे दुःख सर्वांना आहे. या मतभेदांच्या काही मुळांपर्यंत जुन्या हिशेबातून पोहोचता येते.

चातुर्मास चार महिन्यांचा, म्हणजे १२० दिवसांचा. आषाढ पौर्णिमेनंतर एक महिना आणि वीस दिवस, म्हणजे पन्नास दिवस गेल्यावर पर्युषण करावे आणि त्यानंतर सत्तर दिवस शिल्लक राहावेत, असे दोन संकेत आगमांत आहेत. ५० आणि ७० मिळून १२० होतात, ताळा जुळतो. आगमांच्या पंचवर्षीय युगात अधिक मास केवळ दोनच येत, युगाच्या मध्यास पौष आणि युगाच्या शेवटी आषाढ. त्यामुळे चातुर्मासाच्या आत अधिक मास येण्याचा प्रसंगच उद्भवत नसे.

लौकिक पंचांग स्वीकारल्यावर मात्र अधिक मास इतर महिन्यांतही येऊ लागला. २००४ आणि २०२३ साली श्रावण अधिक होता, तर २०१२ साली भाद्रपद. अशा वर्षी चातुर्मास पाच महिन्यांचा होतो. मग पहिले पन्नास दिवस जपावेत की शेवटचे सत्तर? एका पक्षाने पन्नास धरले, दुसऱ्याने सत्तर. दोघांच्याही हाती आगमाचाच आकडा आहे. तेव्हा एकाने दुसऱ्यास आगमविरोधी म्हणण्यास जागाच उरत नाही.

चतुर्थी आणि पंचमी यांचा भेदही असाच ऐतिहासिक आहे, आणि त्याचे स्थान आपल्या महाराष्ट्रातच आहे. निशीथचूर्णीतील कथेनुसार कालकाचार्य प्रतिष्ठानपुरी, म्हणजे गोदावरीकाठच्या पैठणला असताना, भाद्रपद शुद्ध पंचमीस तेथे इंद्रमहोत्सव असल्याने सातवाहन राजाने पर्युषणाचा दिवस बदलण्याची विनंती केली. षष्ठी घेतल्यास पन्नास दिवसांची मर्यादा ओलांडली जाईल, म्हणून आचार्यांनी ती नाकारली. चतुर्थी मात्र मान्य केली. या कथेत दोन गोष्टी आहेत. मर्यादा मोडू द्यायची नाही, हा आग्रह. आणि मर्यादेच्या आत राहून लोकांना सामावून घ्यायचे, हे औदार्य. आज या दोहोंचीही आपल्याला गरज आहे.

समारोप

आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. आगमांच्या भाषेत ही दहा युगे होतात. या काळात गुरूने नक्षत्रमंडळाच्या चार प्रदक्षिणा पूर्ण करून पाचवी सुरू केली आहे आणि शनीची दुसरी प्रदक्षिणा चालू आहे. दहा युगांचे आगमोक्त दिवस १८,३०० भरतात, तर प्रत्यक्ष पन्नास वर्षांचे दिवस सुमारे १८,२६२ होतात. अडतीस दिवसांचा हा फरक पूर्वाचार्यांनी लपविला नाही. आकाशाकडे पाहून हिशेब दुरुस्त करण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली.

ट्रस्टच्या ग्रंथभांडारात सूर्यप्रज्ञप्ती आणि तिलोयपण्णत्ती यांच्या सानुवाद प्रती ठेवाव्यात, पाठशाळेतील मुला-मुलींना नक्षत्रांची ही बेरीज वर्षातून एकदा तरी करावयास लावावी आणि एखाद्या निरभ्र रात्री त्यांना प्रत्यक्ष आकाशात रोहिणी, चित्रा आणि स्वाती दाखवाव्यात, अशी नम्र सूचना विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहे. पंचांगाचा अर्थ कळलेली पिढी तिथीसाठी भांडणार नाही आणि शनीला घाबरणारही नाही.

सुवर्णमहोत्सवानिमित्त ट्रस्टच्या सर्व आजी-माजी विश्वस्तांचे, कार्यकर्त्यांचे आणि दात्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. पुढील दहा युगांतही हे कार्य असेच वृद्धिंगत होवो, ही शासनदेवतेच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!